मस्कतहून आलेलं माप

"ताई, पाय छापून मिळंल काय?"

मी मान वर केली. काउंटरपलीकडे साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि चेहरा असा की जणू चोरीचा माल विकायला आलीय.

"पाय?"

"व्हय. पायाचा फोटू. पर जेवढा पाय तेवढाच. उलीसा मोठा न्हाई, उलीसा बारीक न्हाई."

दोन हजार पाच सालचा मे महिना होता. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वडिलांचा स्टुडिओ मी चालवत होते. रोलचा कॅमेरा कपाटात गेला होता, डार्करूममध्ये आता शिलाई मशीन ठेवलं होतं आणि काउंटरच्या मागे मोठ्या डोक्याचा कॉम्प्युटर बसला होता. लोक अजून त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघत. मला मात्र त्याचा भारी अभिमान होता, कारण त्याच्यावर माप धरता यायचं. पासपोर्टचा फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर म्हणजे तेवढाच. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर मी कागद फाडून टाकायची. माझ्या हातचा फोटो कुठल्याही कचेरीतून कधी परत आला नव्हता, आणि ही गोष्ट मी येईल त्याला, न विचारता, सांगत असे. माझा नवरा म्हणायचा, "हेमा, तुझ्या पोळीलाही फूटपट्टी लाव एकदा." पोळ्या माझ्या कधी गोल झाल्या नाहीत, ते सोडा.

तर सांगायचा मुद्दा, त्या बाईनं 'जेवढ्यास तेवढा' म्हटलं आणि मी खूशच झाले. स्टूल पुढे केलं. "बसा मावशी. कुणाचा पाय?"

तिनं आधी रस्त्याकडे बघितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचं नाव द्वारकाबाई व्हटकर. राहायला सुभाषनगरात. नवरा रंगराव, चप्पल करणारा. अशी चप्पल की एकदा घेतली की गिऱ्हाईक दहा वर्षं तोंड दाखवत नाही, असं ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. एकुलती एक मुलगी, विजयमाला. नर्सिंग शिकून मस्कतला गेली आणि तिथंच तिच्या हॉस्पिटलातल्या केरळच्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली.

"लगीन झाल्यावर फोटू धाडला. आधी इच्यारलं न्हाई. त्या दिसापास्नं मालकांनी सांगितलं, तिचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई. पाच वर्सं झाली. ती दर बेस्तरवारी शेजारच्या घरात फोन करती, मी चोरून जाऊन बोलती."

"आणि पाय?"

"गेल्या बेस्तरवारी म्हणाली, आई, मला आप्पांच्या हातची चप्पल पायजे. पाच वर्सात पयल्यांदा कायतरी मागितलंय पोरीनं." तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. "तिचं नाव काढलं तर मालक करायचे न्हाईत. म्हणून म्हटलं, तिनं पायाचं माप धाडावं, तुम्ही छापून द्यावं, आणि मी सांगावं की फोटूवाल्या ताईंचं कोण गिऱ्हाईक हाय, परदेशातलं. चप्पल झाली की झालं. पोरीच्या पायात पडू दे एकदा."

लबाडी होती, पण माझ्या मापाशिवाय होणारी नव्हती. मी तयार झाले. आणि तयार झाले म्हटल्यावर लगेच मास्तरीणही झाले. माझा ईमेलचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला आणि वर तंबी दिली. "तिला सांगा, नुसता पायाचा फोटो चालणार नाही. कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची..."

"ते तिला शिकवू नका," द्वारकाबाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. "दुकानात बसून निम्म्या पेठंच्या पायाची मापं घेतल्यात तिनं."

"बरं. मग त्याच कागदावर, पावलाच्या शेजारी, फूटपट्टी ठेवायची. स्टुलावर उभं राहून बरोबर वरून फोटो काढायचा. तिरका नको."

चार दिवसांनी मेल आला. फोनची तार जोडून इंटरनेट लावलं की ते यंत्र आधी बराच वेळ किंचाळायचं, आणि फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरायचा. आधी टाच आली, मग पाऊल, शेवटी बोटं. मी चहा संपवून कप विसळून आले, तेव्हा कुठे करंगळी पूर्ण झाली. आता असा फोटो चुटकीसरशी येतो, पण तेव्हाच्यासारखी वाट बघून कुठलाच फोटो मी नंतर बघितलेला नाही.

कागद पांढरा, रेघ शिसपेन्सिलीची, एका दमात काढलेली. शेजारी प्लॅस्टिकची फूटपट्टी. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'डावा. माला.' पावलाच्या दोन्ही अंगांना बारीकशी एकेक चंद्रकोर काढलेली होती.

आता इथे माझं काम. फोटोत लांबी नसते, नुसते ठिपके असतात. ते ठिपके कागदावर किती जागेत बसवायचे हे आपण कॉम्प्युटरला सांगायचं. मी फोटोतल्या फूटपट्टीचे वीस सेंटिमीटर मोजले, त्यात किती ठिपके आहेत ते बघितलं आणि तेवढे ठिपके कागदावरही बरोबर वीस सेंटिमीटरमध्ये बसतील असा हिशेब घातला. पहिला कागद छापला. त्यावर माझी स्टीलची पट्टी ठेवली. एकोणीस पूर्णांक दोन! कागदाच्या कडा राखायच्या म्हणून प्रिंटरनं आपल्या मनानं चित्र आखडून घेतलं होतं. ती सोय बंद केली, दुसरा छापला. वीसला वीस. आडवं मोजलं, उभं मोजलं. कागदाचे चारही कोन काटकोनात, म्हणजे फोटोही तिरका नव्हता. मग फूटपट्टी पुसली, कोपऱ्यातलं नाव पुसलं. चंद्रकोरी मापाचाच भाग असाव्यात म्हणून राहू दिल्या.

द्वारकाबाई कागद पिशवीत घालून गेल्या. जाताना दारातून मागे वळून म्हणाल्या, "चुकलं न्हाई न्हवं ताई?"

"माझं माप चुकत नाही मावशी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक उंच, वाळका माणूस पायरी चढून आला. धोतर, टोपी, काखेत एक जाड वही. हाताच्या नखांच्या कडा रंगानं काळसर झालेल्या. त्यानं माझा कागद काउंटरवर ठेवला आणि त्यावर तळहात सपाट पसरला.

"हे तुम्हीच छापलं काय?"

हे रंगरावच, हे मी ओळखलं. पण चेहरा मी दुकानदाराचा ठेवला. "हो. चपलेची ऑर्डर आहे एका गिऱ्हाइकाची."

"बाईमाणूस?"

"हो."

"नाव?"

ह्या प्रश्नाची तयारी आम्ही दोघींनी केलीच नव्हती. "मिसेस... नायर," मी म्हटलं. केरळच्या माणसाचं दुसरं नाव मला सुचेना.

"असं." रंगरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "ह्या मिसेस नायरचं माप तुम्ही चुकीचं छापलंय."

पकडले गेल्याची भीती एका क्षणात पळाली आणि तिच्या जागी संताप आला. माझं माप? चुकीचं? मी स्टीलची पट्टी काढली. फोटो स्क्रीनवर उघडला, नाव असलेला कोपरा तेवढा चातुर्याने बाहेर ठेवून फूटपट्टी दाखवली. "हे बघा मामा. इथले वीस सेंटिमीटर, आणि हे कागदावरचे. मोजा."

त्यांनी मोजलं. एकदा नाही, तीनदा. मग आपल्या खिशातली लाकडी पट्टी काढून मोजलं. त्यांच्या पट्टीवर इंच आणि सूत होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या पट्टीशी त्यांनी ती ताडून बघितली, दोन्ही खऱ्या निघाल्या.

"पट्टी बरुबर हाय," ते म्हणाले. "पर पाय चुकलाय. दोन सूत लांब हाय आणि रुंदीला त्याहून जास्त."

"तुम्हाला कसं ठाऊक तिचा पाय केवढा?"

बोलून गेल्यावर मी जीभ चावली. रंगरावांनी वही उघडली. पानापानावर पावलं होती. पुरुषांची, बायकांची, पोरांची. प्रत्येकाखाली नाव आणि साल. शेवटची काही पानं उलटून त्यांनी एक पान उघडं केलं. 'माला. डावा. दसरा १९९९.' अक्षर तिचंच होतं, मी कालच ते पुसलं होतं. ज्या पोरीचं नाव घरात काढायचं नव्हतं, तिचं पान त्यांनी फाडलेलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "पट्टा कुठं बसवायचा त्याची खूण सगळे आडव्या रेघंनं करत्यात. अख्ख्या कोल्हापुरात चांदकोर काढणारी दोनच माणसं हाईत. पोरगी सातवीत असताना तिनं काढली पयल्यांदा, खेळ म्हणून. मला बरी वाटली. मग मीबी तशीच काढाय लागलो. काल कारभारणीनं कागद हातात दिला तवाच कळलं, कुणाचा पाय ते."

"मग काल मावशींना काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? चप्पल करणार न्हाई म्हणायचं, तर ती रडणार. करतो म्हणायचं, तर माझं काय ऱ्हायलं?" ते कागदाकडे बघत राहिले. "म्हटलं, निदान माप तरी बघावं. तर मापच खोटं. म्हणून आलो."

आमच्याकडे निगेटिव्ह बघायची एक पेटी होती, वर दुधी काच आणि आत दिवा. मी ती काढली. आता चूक कुणाची हे मला बघायचंच होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला बाप-लेकीपेक्षा माझ्या मापाची काळजी जास्त होती. रंगरावांनी वहीचं पान हलकेच सुटं केलं. ते काचेवर ठेवलं, वर माझा कागद. टाचेला टाच लावली. दिवा लावला.

खालची जुनी रेघ वरच्या कागदातून वर आली. दोन्ही पावलं एकाच बाईची होती, आंधळ्यालाही कळलं असतं. अंगठ्याशेजारचं बोट दोन्हीकडे तसंच लांब, करंगळी दोन्हीकडे तशीच आत वळलेली. पण नवी रेघ जुन्या रेघेच्या सगळ्या बाजूंनी बाहेर होती. बोटांच्या टोकाला दोन सूत, चवड्याला त्याहून अधिक.

"प्रिंट मोठी झाली असती," मी सावकाश म्हटलं, "तर लांबी आणि रुंदी सारख्याच प्रमाणात वाढली असती मामा. हा पाय लांबीपेक्षा रुंदीला जास्त वाढलाय. कागदाची चूक नाही ही."

"पंचविशी उलटल्यावर पाय वाढतो व्हय कुणाचा?" ते जवळजवळ ओरडलेच.

मग काचेवर वाकलेले होते तसेच राहिले. त्यांचा अंगठा त्या चवड्याच्या रेघेवरून हळूहळू फिरत होता, चंद्रकोरीपासून करंगळीपर्यंत, पुन्हा मागे. मला वाटलं, ह्यांना चक्कर येतेय की काय. मी पंखा वाढवला.

"पाणी द्या जरा."

मी तांब्या दिला. ते पाणी प्याले नाहीत, तांब्या हातात धरून बसले.

"आमच्याकडं बाया येत्यात," ते म्हणाले. "सा म्हयन्यामागं घेतलेली चप्पल घिऊन. म्हणत्यात, मामा, पट्टा आवळतोय, जरा सैल करा. मी इच्यारत न्हाई काय. सैल करून देतो आणि घरी येऊन कारभारणीला सांगतो, अमक्याच्या घरात पाळणा हलणार बघ. त्यांच्या सासूला कळायच्या आधी आमाला कळलेलं असतंय. आजवर चुकलो न्हाई."

मी दोन लेकरांची आई. दोन्ही खेपेला सहाव्या महिन्यात माझ्या सगळ्या चपला कपाटात पडल्या होत्या आणि मी नवऱ्याच्या स्लिपर घालून फिरले होते. आणि मला हे कळायला हा माणूस बोलावा लागला. मी खुर्चीत बसले.

"मावशींना माहीत आहे?"

"न्हाई. असतं तर तिच्या पोटात ऱ्हायलं नसतं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुमच्या त्या यंत्रावरनं तिला लिवता येतंय न्हवं?"

"येतं."

"मग एवढंच लिवा. कितवा?"

"कोण विचारतंय म्हणून लिहू?"

"काय लिवू नका."

मी तेवढंच लिहिलं. त्या वेळी मेलवर मराठी अक्षरं धड उमटत नसत, म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. एक शब्द आणि प्रश्नचिन्ह. पाठवला. रंगरावांनी वहीचं पान जागेवर घातलं, माझा कागद त्यावर ठेवला आणि वही काखेत मारून गेले.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला आले तेव्हा दोघं पायरीवर बसलेले होते. द्वारकाबाई भेदरलेल्या. "काय झालं ओ ताई? हे कालपास्नं जेवले न्हाईत धड. चला म्हणाले, उठून आले. काय सांगंनात."

"खात्री न्हाई तर काय सांगू?" रंगराव म्हणाले.

इंटरनेट लावलं. यंत्र किंचाळलं. त्या दिवशी ते जरा जास्तच किंचाळलं असं मला अजून वाटतं. मेल आला होता. मी आधी मनात वाचला आणि गडबडले, कारण शेवटची ओळ मोठ्यानं वाचावी की नाही ते कळेना.

"वाचा की," रंगराव म्हणाले. "हाय तसं वाचा."

मी वाचलं. "हेमाताई, तुम्हाला कसं कळलं? सहावा संपत आला. आईला सांगितलं नाही, कारण मागच्या वर्षी एक गेलं. तेव्हा तिला सांगितलं असतं तर ती एकटी रडत बसली असती, घरात बोलायचीही सोय नाही. म्हणून ह्या वेळी सातवा लागल्याशिवाय सांगणार नव्हते. इथली एकही चप्पल पायात जात नाही. ड्यूटीवर बारा बारा तास उभं राहावं लागतं. पाय इतके दुखतात की रात्री आप्पांची आठवण येते. लहानपणी ते चप्पल घालून बघायच्या आधी माझे पाय हातात घेऊन दाबून बघायचे. माप माझं आहे हे त्यांना कळू देऊ नका. कळलं तर करायचे नाहीत."

द्वारकाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अगं बया! सहावा? आणि मला न्हाई, तुम्हाला ठावं? मला न्हाई आणि तुम्हाला?" त्या एकाच वेळी रडत होत्या, हसत होत्या आणि नवऱ्याच्या दंडावर मारत होत्या. रंगरावांनी मार खाऊन घेतला. मग मला म्हणाले, "शेवटची ओळ परत वाचा."

मी वाचली. "कळलं तर करायचे नाहीत."

त्यांनी वहीतून माझा कागद काढून काउंटरवर पसरला. मग म्हणाले, "तुमचं माप बरुबर होतं, ताई."

हे ऐकायला मी कालचा अख्खा दिवस तडफडत होते. पण ऐकलं तेव्हा मला नुसतं रडू आलं. मी नाक पुसायला शिलाई मशीनमागे जाऊन आले.

परत आले तर ते माझ्या कागदावर वाकले होते. कानावरची पेन्सिल काढून पावलाच्या भोवतीनं आणखी एक रेघ ओढत होते, छापलेल्या रेघेच्या बाहेरून, टाचेपासून सुरुवात करून, एका दमात. पट्टी नाही, काही नाही. "अजून वाढंल," ते बायकोला म्हणाले. "श्रावण उजाडंस्तवर एवढा व्हईल. कातडं मऊ घालतो. पट्ट्याला आतनं दुमड ठेवतो, मागनं आवळून घ्यायला यील."

"तिला कळवू?" मी विचारलं.

"लिवा."

मी बसले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. उभं फार राहू नको. टेकायला स्टूल माग, लाजू नको. चप्पल आठ दिवसांत धाडतो. दुसऱ्या पायाचंबी माप धाड, संध्याकाळी घे, संध्याकाळी पाय खरा असतो. आई बरी आहे, आत्ता रडतीय. मग म्हणाले, "जावयाला म्हणावं, रातीला पाय चेपत जा तिचं."

जावई हा शब्द त्या घरात पाच वर्षांत पहिल्यांदाच निघाला असावा, कारण द्वारकाबाईंचं रडणं एकदम थांबलं.

"खाली नाव काय घालू?" मी विचारलं.

रंगरावांनी टोपी काढली, हातात फिरवली.

"आप्पा लिवा."

मी लिहिलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. काउंटरला वळसा घालून ते माझ्या खुर्चीमागे आले आणि पडद्याजवळ वाकले.

"कुठाय?"

मी बोट ठेवलं.

"एवढंसं?" ते म्हणाले. "मोठं करता येतंय न्हवं ते? जरा मोठं करा की."

मी अक्षर एक पायरी वाढवलं.

"आणिक."

अजून वाढवलं. पत्रातला बाकीचा मजकूर मुंगीएवढा आणि खाली ते एकच नाव दिसायला लागलं.

"आणिक करा," रंगराव म्हणाले. मी करत गेले, किती ते बघितलं नाही.